आमदार सभागृहात बोलले, नहर सरकारची फुटली: दावा कोणावर लागतो?

प्रश्न थोडक्यात असा. नहरीच्या टोकाला असलेल्या एका गावातला तरुण शेतकरी विचारतो: गेल्या पोळ्याच्या आदल्या रात्री आमच्या शिवारात नहर फुटली. तीन एकर वावरातली उभी पराटी (कपाशी), मोटारपंप आणि वरची चांगली माती वाहून गेली. भराव खचल्याचा अर्ज आम्ही दोन महिने आधीच दिला होता. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात आमच्याकडचे आमदार म्हणाले, नहर फुटली नाही, लगतच्या शेतकऱ्यांनी रात्री पाण्यासाठी फोडली. त्या भाषणाची क्लिप त्यांनी आपल्या फेसबुकवर टाकली, वर लिहिलं ‘नहरचोर उघडे पडले’. सरपंचानेही ग्रामसभेत तीच री ओढली. गावात म्हणतात, आमदारावर केस होत नाही आणि सरकारवर तर त्याहून होत नाही. खरं काय?

भाऊ, गाव निम्मं बरोबर बोलतं. मी सत्तावीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याला वकिली करतो आणि त्यातली बरीचशी वर्षं सरकारला प्रतिवादी करण्यात गेली. आमदार, सरपंच आणि सरकार या तिघांना कायद्याने एकच छत्री दिलेली नाही. तिघांचं वेगवेगळं पाहावं लागतं, आणि तुमच्या तीन एकराचा पैसा यातल्या एकाच दारातून येणार आहे.

आधी आमदार. राज्यघटनेचा अनुच्छेद १९४ राज्याच्या विधिमंडळासाठी आहे, खासदारांसाठी तोच मजकूर १०५ मध्ये. त्याचं दुसरं उपकलम सांगतं, की सभागृहात किंवा सभागृहाच्या समितीत सदस्य जे काही बोलला किंवा त्याने जे मत दिलं, त्याबद्दल कोणत्याही कोर्टात त्याच्यावर कार्यवाही होणार नाही. ‘जे काही’ म्हणजे किती? पुरीच्या शंकराचार्यांबद्दल १९६९ साली लोकसभेत कडक शब्द वापरले गेले, म्हणून त्यांच्या अनुयायांनी नुकसानभरपाईचा दावा लावला होता. प्रतिवादींत गृहमंत्री यशवंतराव चव्हाणही होते. १९७० साली सुप्रीम कोर्टाने दावा चालणार नाही असं सांगितलं: ‘काहीही’ म्हणजे सगळंच. सभागृहाचं कामकाज सुरू असताना, त्या कामकाजात बोललेलं असलं, की ते खरं होतं का, सूडाने होतं का, हे कोर्ट विचारतच नाही. तो निकाल सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचा. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले. दर हिवाळ्यात आपले मोर्चे पोलीस जिथे अडवतात तो टी-पॉइंट त्याच कॉलेजच्या नावाचा, म्हणून सांगितलं.

म्हणजे सभागृहातल्या त्या वाक्यावर अब्रुनुकसानीचा दावा नाही, फौजदारी तक्रारही नाही. विषय तिथे संपला. तुम्हाला हे झोंबेल. वकिलीच्या पहिल्या वर्षांत मलाही झोंबायचं. पण उद्या याच सभागृहात दुसरा आमदार उठला आणि नहरीच्या कामाच्या कंत्राटदाराचं नाव घेऊन बोलला, तर त्या कंत्राटदाराकडे नागपूरचे चार वकील तयार असतात. हे संरक्षण नसतं तर त्या आमदाराने तोंडच उघडलं नसतं. तुमच्या आमदाराने त्याचा वापर तुमच्यावरच केला, हे दुर्दैव.

सभागृहाच्या आत मात्र तो मोकाट नसतो. सुप्रीम कोर्ट किंवा हायकोर्टाच्या न्यायमूर्तींच्या कामातल्या वर्तनावर चर्चा करायला अनुच्छेद २११ ची मनाई आहे. अध्यक्ष शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. तुम्ही काय करू शकता? विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, तिथे अर्ज जातो. दुसरा एखादा आमदार तयार झाला तर तो खुलासा मागू शकतो. यातून भरपाई मिळत नाही, नोंद मात्र राहते.

आता क्लिप. इथे गोष्ट फिरते. संरक्षण आहे ते सभागृहात बोललेल्याला आणि सभागृहाच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेल्याला. तोच माणूस बाहेर येऊन ट्रकवर उभा राहून टी-पॉइंटला तेच बोलला, तर तो तुमच्या-माझ्यासारखा साधा वक्ता. १९६१ सालचा बंगालचा निकाल आहे. एका आमदाराने एका अधिकाऱ्याविरुद्धचे प्रश्न विधानसभेत दिले, अध्यक्षांनी ते नाकारले, मग त्याने ते आपल्याच नियतकालिकात छापले. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, छपाईला हे संरक्षण नाही, बदनामीचा खटला चालेल. वर्तमानपत्रांची बाब थोडी निराळी. कामकाजाचा बऱ्याच अंशी खरा वृत्तांत द्वेषाशिवाय छापला, तर ४४ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३६१-क वार्ताहराला सांभाळतो. तुमच्या आमदाराची क्लिप जशीच्या तशी असती तर तेही याच धाग्याला धरून वाद घालतील. पण ‘नहरचोर उघडे पडले’ हे तीन शब्द सभागृहात कोणी बोललेलं नाही. ते त्यांचे, फेसबुकवरचे. दावा लागायचा असेल तर तो त्या तीन शब्दांवर लागेल. पुढाऱ्यांची पानं सांभाळणारी पोरं असे मथळे कसलाही विचार न करता टाकतात आणि मग साहेब म्हणतात, मला माहीत नाही. म्हणून त्या पानाचा फोटो, तारीख आणि पत्ता दिसेल असा, आजच काढून ठेवा.

तरीही एक अडचण राहते, आणि ती मी तुम्हाला आधीच सांगतो. ‘नहरचोर’ म्हणजे कोण? कायद्यात समूहाची बदनामी होते, पण तो समूह ओळखू येण्याजोगा असावा लागतो. ‘शेतकरी चोर आहेत’ यावर कोणीच दावा लावू शकत नाही. ‘अमुक गावाजवळच्या फुटलेल्या जागेलगतचे शेतकरी’ म्हटलं आणि तिथे चार-पाचच खातेदार असतील, तर त्यातला प्रत्येक जण उभा राहू शकतो. भाषणात गावाचं नाव घेतलं होतं का, जागा सांगितली होती का, ते बघा. दिवाणी दाव्याला मुदत एक वर्ष, म्हणजे येता डिसेंबर. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं. माझा सल्ला विचाराल तर हा दावा आत्ता लावू नका. आमदाराच्या मागे तारखा करत फिरलात तर नहरीच्या दाव्याची मुदत हातची जाईल. आधी पैसा, मग अब्रू. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण मी असे दोन दावे संपलेले पाहिलेत आणि दोन्हींत फिर्यादी थकला.

‘आमदारावर केसच होत नाही’ हे मात्र डोक्यातून काढून टाका. दिवाणी कोर्टाच्या वसुलीसाठी अधिवेशन काळात, त्याच्या चाळीस दिवस आधी आणि चाळीस दिवस नंतर आमदाराला अटक करता येत नाही, एवढीच सवलत. फौजदारी गुन्ह्यात अटक होते, अध्यक्षांना कळवलं की झालं. केरळ विधानसभेत मार्च २०१५ मध्ये सदस्यांनी माईक, संगणक, फर्निचर तोडलं. सरकारने खटला मागे घ्यायचं ठरवलं. सुप्रीम कोर्टाने २०२१ साली तो मागे घेऊ दिला नाही. टेबल फोडणं म्हणजे भाषण नव्हे, असा त्याचा साधा अर्थ. आपल्याकडचे माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रकरणात १९८४ साली ठरलं होतं, की ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद सुटल्यावर खटल्यासाठी सरकारी मंजुरी लागत नाही; भ्रष्टाचारविरोधी कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर मात्र ती लागते, पण खटला होतो.

लाचेची गोष्ट जरा लांबली होती. १९९३ च्या जुलैत नरसिंह राव सरकारवर अविश्वास ठराव आला आणि थोड्या मतांनी पडला. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेऊन मत दिल्याचा आरोप झाला. १९९८ साली घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की पैसे घेऊन मत दिलं असेल तर ‘दिलेल्या मताबद्दल’ कार्यवाही नाही, म्हणून ते सुटले. त्याच निकालात, आरोपींपैकी एकाने पैसे घेतल्याचा आरोप होता पण मत दिलं नाही, तर त्याला संरक्षण नाही. म्हणजे लाच घेऊन शब्द पाळणारा सुटतो आणि शब्द मोडणारा अडकतो. बार रूममध्ये त्यावर किती चहा संपले असतील. शेवटी ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी एकमताने ते मोडलं. लाच घेतली त्या क्षणी गुन्हा पूर्ण होतो, पुढे मत दिलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. विशेषाधिकार सांगायचा तर तो सभागृहाच्या एकत्रित कामाशी जोडलेला आणि सदस्याच्या कर्तव्यासाठी आवश्यक असला पाहिजे, ही कसोटी त्यांनी घातली.

शिक्षा झाली तर पदही जातं. पूर्वी अपील टाकलं की आमदारकी वाचायची. जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या लिली थॉमस निकालाने ती सोय गेली, आता दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की लगेच अपात्र. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये सावनेरचे आमदार सुनील केदार यांना जिल्हा बँक प्रकरणात नागपूरच्या कोर्टाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि एक-दोन दिवसांत सदस्यत्व गेल्याचा आदेश निघाला. त्यांनी अपील केलं, तो पुढचा भाग.

आणि खुद्द सभागृहही कोर्टाच्या पलीकडे नाही. जुलै २०२१ मध्ये आपल्या विधानसभेने बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं, जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अधिवेशनापुढचं निलंबन बेकायदा ठरवलं. कामकाजाच्या पद्धतीतल्या चुकीत कोर्ट शिरत नाही, अनुच्छेद २१२ त्यासाठीच आहे. पण घटनेचाच भंग झाला तर शिरतं. राज्यपालांबद्दलही लोक विचारतात. अनुच्छेद ३६१ प्रमाणे पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी कार्यवाही नाही, पदाच्या कामाबद्दल ते कोर्टाला उत्तर देत नाहीत. पण त्यांच्या सहीने निघालेला आदेश रद्द होऊ शकतो, दावा सरकारवर लागतो. तुमच्या कामाचं यात काही नाही.

सरपंचाचं दोन ओळींत सांगतो. अनुच्छेद १९४ विधिमंडळाचं, ग्रामसभा म्हणजे विधिमंडळ नव्हे. ‘मी ग्रामसभेत बोललो, मला कायद्याचं संरक्षण आहे’ असं कोणी म्हणालं तर हसू आवरा. त्याला बदनामीच्या कायद्यातले सर्वांनाच असलेले अपवाद मिळतात: सार्वजनिक हिताची गोष्ट, पुरेशी काळजी घेऊन, सद्भावनेने. पुरेशी काळजी म्हणजे बोलण्याआधी त्याने जागेवर जाऊन नहर बघितली होती का? इतिवृत्तात त्याचं वाक्य लिहिलं गेलं असेल तर ग्रामसेवकाकडून नक्कल काढा. तिचा उपयोग दुसरीकडेच होणार आहे.

आता सरकार. इथे मी जरा थांबतो, कारण इथेच तुमचं वावर आहे.

इंग्रजांकडे जुना समज होता, राजा चूक करत नाही, म्हणून राजावर दावा नाही. आपल्याकडे मात्र आधी राज्य केलं ते ईस्ट इंडिया कंपनीने, आणि कंपनी व्यापारी होती. १८६१ सालचा कलकत्त्याचा खटला आहे. खिदिरपूरच्या सरकारी गोदीत मजूर लोखंडाचा जड तुकडा नेत होते, घोडागाडी आली म्हणून घाबरून त्यांनी तो टाकला, आवाजाने घोडा बिथरला आणि जखमी झाला. घोड्याची मालक असलेल्या आगबोट कंपनीने ३५० रुपये मागितले आणि कोर्टाने सरकारवर जबाबदारी टाकली. त्या निकालाने दोन खोल्या पाडल्या: जे काम फक्त राज्यसत्ताच करू शकते त्यात सरकार सुटतं, जे काम कोणीही करू शकतं त्यात सरकार मालकासारखं उत्तर देतं. आपला अनुच्छेद ३०० आजही ‘त्या वेळी जेवढा दावा लागत होता तेवढा’ अशाच अर्थाने लिहिलेला आहे. म्हणजे तुमच्या नहरीचा दावा सरळ त्या कलकत्त्याच्या घोड्यापर्यंत जाऊन पोचतो.

१९६२ सालचा निकाल आहे: राजस्थानात कलेक्टरची जीप गॅरेजमधून परत येताना एका पादचाऱ्याचा जीव गेला होता, सरकारला १५,००० रुपये द्यावे लागले. इथपर्यंत ठीक. मग आला सोन्याचा खटला. अमृतसरचा सराफ १९४७ साली मेरठमध्ये पोलिसांनी संशयावरून पकडला, त्याच्याजवळचं १०० तोळ्यांवर सोनं आणि चांदी मालखान्यात ठेवली. हेड कॉन्स्टेबल सोनं घेऊन पाकिस्तानला पळाला. चांदी परत मिळाली, सोन्याचं काय? सुप्रीम कोर्ट म्हणालं, पोलिसांनी पकडणं आणि माल जप्त करणं ही राज्यसत्तेची कामं, सरकार जबाबदार नाही. निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा, २९ सप्टेंबर १९६४. आणि गंमत बघा, दुसऱ्याच दिवशी, ३० सप्टेंबरला, याच गजेंद्रगडकरांनी उत्तर प्रदेश विधानसभेच्या प्रकरणात बहुमताचं मत दिलं. केशव सिंग नावाच्या माणसाला विधानसभेने सात दिवस तुरुंगात टाकलं, हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला, तर विधानसभेने त्या न्यायमूर्तींनाच पकडून आणायचा ठराव केला! हायकोर्टाचे २८ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि ठराव थांबवला. तिथे गजेंद्रगडकरांनी सांगितलं, आपल्याकडे घटना मोठी, विधानसभा नव्हे. एका दिवशी विधानसभेला आवर आणि त्याच्या आदल्या दिवशी सरकारला मोकळीक. सोन्याच्या निकालातही त्यांनी लिहिलं होतंच, की ही स्थिती बरी नाही, संसदेने कायदा करावा. इंग्लंडने असा कायदा १९४७ सालीच केला. आपल्याकडे विधी आयोगाने १९५६ साली पहिल्याच अहवालात मागितला, १९६७ साली लोकसभेत विधेयक आलं, पण कायदा आजतागायत झालेला नाही.

कायदा नाही झाला, तरी कोर्टांनी वाट काढली. १९९४ सालच्या नागेंद्र राव प्रकरणात आंध्रातल्या एका व्यापाऱ्याचं खत सरकारने जप्त केलं आणि सांभाळलं नाही, खत खराब झालं. सुप्रीम कोर्टाने भरपाई द्यायला लावली आणि स्पष्ट लिहिलं, की आजचं राज्य शाळा काढतं, धरण बांधतं, खत वाटतं, तिथे जुन्या दोन खोल्या चालणार नाहीत. संरक्षण, परराष्ट्र संबंध, न्यायदान अशी मोजकी कामं सोडली तर सरकारने उत्तर द्यावं. नहर राखणं या मोजक्या कामांत बसत नाही. सरकारी वकील सोन्याचा निकाल काढून वाचतीलच, मला तो त्यांच्याकडून आतापर्यंत कितीदा ऐकावा लागला त्याची मोजदाद नाही. ऐकून घ्यायचं. जीव किंवा स्वातंत्र्य गेलं असेल तर याहून जवळची वाट आहे, थेट रिट, म्हणजे सरळ हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात अर्ज. निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं तुरुंगात राहिलेल्या बिहारच्या रुदल शाहला १९८३ साली एकूण ३५,००० रुपये मिळाले, ओडिशात कोठडीत मेलेल्या मुलाच्या आईला १९९३ साली दीड लाख. पण तुमच्या प्रकरणात नहर का फुटली हाच वाद आहे, साक्षीपुरावा लागेल. नागपूर खंडपीठात रिट टाकली तर बहुधा दिवाणी कोर्टात जा म्हणून परत पाठवतील.

म्हणून सांगतो, तुमच्या आड घटना येत नाही. आड येतात ती बारकी कलमं.

पहिलं, नहर कोणाची? लहान तलावाची असेल, १०० हेक्टरपर्यंत सिंचनाच्या, तर जिल्हा परिषदेची. मोठ्या प्रकल्पाची असेल तर पाटबंधारे महामंडळाची असू शकते. महामंडळ म्हणजे ‘सरकार’ नव्हे, जिल्हा परिषद म्हणजेही नव्हे, प्रत्येकाच्या कायद्यात नोटिशीची भाषा वेगळी. म्हणून माझ्या नोटिशीत तिघेही असतात, एकाला वगळलं की निकालाच्या दिवशी नेमका तोच मालक निघतो.

दुसरं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०. सरकारवर दावा लावायच्या आधी दोन महिन्यांची लेखी नोटीस. ती सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पोचली पाहिजे, तहसीलदारांना देऊन भागत नाही. नाव, पत्ता, काय घडलं, काय मागता, हे सगळं त्यात हवं. साधा अर्ज म्हणजे नोटीस नव्हे. तुम्ही भराव खचल्याचा दिलेला अर्ज हा पुरावा आहे, नोटीस नाही. घाईचं काम असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लागतो, पण भरपाईत तशी घाई कोर्टाला दिसत नाही.

तिसरी, मुदत. लोक तीन वर्षं धरून बसतात. कायद्याखाली केलेल्या किंवा न केलेल्या कामाबद्दल भरपाई मागायची तर मुदत कायद्याच्या ७२ व्या अनुच्छेदात एकच वर्ष आहे, आणि सरकारी वकील तोच पुढे करतात. म्हणून मी एक वर्षच धरतो. नोटिशीचे दोन महिने त्यात वाढून मिळतात, पण त्या भरवशावर झोपू नका. पोळ्याची तारीख दरवर्षी सरकते, मुदतीची सरकत नाही. इंग्रजी तारीख कागदावर लिहून घरात टांगा.

चौथी, ‘सद्भावना’. जवळजवळ प्रत्येक कायद्याच्या शेपटीला एक कलम असतं: सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर कार्यवाही नाही. या शब्दाचे दोन अर्थ आहेत. फौजदारी कायद्यात योग्य ती काळजी घेतल्याशिवाय सद्भावना नाही. पण कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या साधारण खंड अधिनियमात प्रामाणिकपणे केलं म्हणजे सद्भावना, मग त्यात हलगर्जी असो वा नसो. त्यामुळे कनिष्ठ अभियंत्याला व्यक्तिशः धरायला गेलात तर तो दुसऱ्या अर्थाआड लपतो. अधिकाऱ्यावर फौजदारी करायची म्हटली तर तो वरिष्ठ असल्यास सरकारची मंजुरी लागते, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८. त्यात १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी दिली असं धरायची नवी तरतूद बरी आहे. पण आपल्याला माणूस नको, भरपाई हवी. सरकार आणि नहरीचा मालक, एवढेच प्रतिवादी.

आता पंचनामा. माझ्या मते निम्मा दावा इथेच जिंकतात किंवा हरतात. तलाठ्याच्या छापील नमुन्यात नुकसानीच्या कारणाचा रकाना असतो. त्यात ‘अतिवृष्टी’ लिहिलं असेल तर सरकार म्हणतं, ही देवाची करणी, मदत दिली, विषय संपला. ‘नहर फुटल्याने जमीन खरडून गेली’ असं लिहिलं असेल तर मोकळं मैदान. अतिवृष्टी लिहिलं असलं तरी हातपाय गाळू नका. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. त्या रात्रीचा तुमच्या मंडळाचा आकडा काढा. तो ६५ च्या खाली असला तर तलाठ्याचा रकाना त्याच्याच कचेरीच्या कागदाने खोटा पडतो. एका दावेदाराच्या वेळी आकडा २३ निघाला होता. सरकारी वकिलांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि साक्षीदाराला पुढचा प्रश्नच विचारला नाही. मदतीचे पैसे खात्यात आले असतील तर राहू द्या, मदत म्हणजे भरपाई नव्हे. फक्त ‘आता काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही केली नाही ना, ते बघा.

आणि आमदार-सरपंचांचं ते वाक्य इथे कामाला येतं. सभागृहातल्या भाषणावर कोर्ट बोलत नाही, तसंच ते भाषण कोर्टात नहर कशी फुटली याचा पुरावाही होत नाही. शेतकऱ्यांनी नहर फोडली असं सरकारला म्हणायचं असेल तर साक्षीदार आणा, उलटतपासणीला उभे करा. मी पहिला प्रश्न विचारेन: सिंचनाचं काम तोडणं हा गुन्हा आहे, मग तुमच्या खात्याने पोलिसांत तक्रार कधी दिली? दिलीच नसेल, आणि बहुतेक वेळा दिलेली नसते, तर ती गोष्ट डिसेंबरात सुचली असं दिसतं. सरपंचाच्या इतिवृत्ताची नक्कल त्यासाठीच ठेवायला सांगितली, पोळ्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत तो काय बोलला होता तेही बघा.

निकाल लागल्यावरही लगेच पैसे येत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे हुकूमनाम्यापासून तीन महिने सरकारला मिळतात, त्याआधी वसुली नाही. नंतर लागते जप्ती. पेपरात ‘साहेबांची खुर्ची जप्त’ अशी बातमी येते ती हीच. भूसंपादनाच्या एका वाढीव मोबदल्यात मी कोर्टाच्या जप्ती करणाऱ्या बेलिफासोबत एका कचेरीत गेलो होतो. साहेब दौऱ्यावर. पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली फिरती खुर्ची, दोन कपाटं, एक संगणक, बेलिफ यादी करू लागला. शिपायाने टॉवेल काढून घडी घातला, म्हणाला हा माझा. माझे पक्षकार काकाजी, सत्तरीचे, दाराशीच उभे. बेलिफ म्हणाला, धरा एका बाजूने. काकाजी हलेनात. ‘साहेब बसते तिथं आपून हात कसा लावावं जी?’ आठ वर्षं ज्या पैशासाठी चपला झिजवल्या त्याच्या वसुलीला आलेला माणूस. शेवटी मी धरली. खुर्ची व्हरांड्यापर्यंत आली तोवर फोन फिरले, कचेरीने पंधरा दिवसांची मुदत लेखी मागितली, आणि अकराव्या दिवशी कोर्टात रक्कम जमा झाली. खुर्ची त्याच दिवशी परत आत गेली होती.

तर या आठवड्यात तहसीलमधून पंचनाम्याची नक्कल, मंडळाचा त्या दिवसाचा पाऊस, सातबारा, तुमच्या भरावाच्या अर्जाची पोच. माहिती अधिकारात नहरीचं गेट रजिस्टर आणि दुरुस्तीचा खर्च मागा, त्या रात्री किती पाणी सोडलं ते त्यात असतं. शेजारच्या खातेदारांनाही सोबत घ्या, प्रत्येकाचा दावा वेगळा पण साक्षीदार तेच. वकिलाची फी जड वाटत असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि पूरग्रस्त यांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. सरकार प्रतिवादी असलेला दावा दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडेच लागतो, तुमच्या तालुक्याला ते कोर्ट नसेल तर कुठे आहे ते विचारून ठेवा. नोटीस जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक टेबलावर स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ‘साहेब जेवायला गेले, उद्या या’ म्हणाले तर व्हरांड्यात बसा. जेवण दोन वाजता संपतं.